आप्पांच्या आवाजाची सीडी

आप्पांना झटका आला तेव्हा ते अंगणात आरसा लावून दाढी करत होते. अर्धा गाल साबणाने भरलेला तसाच राहिला. त्यांनी आईला हाक मारायचा प्रयत्न केला असावा, कारण आई बाहेर आली तेव्हा त्यांचं तोंड उघडं होतं आणि आतून काहीच येत नव्हतं.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन ऑपरेटर म्हणून नोकरी करत होते. धाकटा भाऊ नुकताच पुण्याला नोकरीला लागला होता. नाशिकरोडच्या वसाहतीतल्या आमच्या घरात आई, आप्पा आणि मी, अशी तिघंच उरलो होतो.

दवाखान्यातून आप्पा बाराव्या दिवशी घरी आले. उजव्या हातात हळूहळू ताकद आली. काठी धरून ते मोरीपर्यंत जाऊ लागले. बोलणं मात्र आलं नाही. आपण बोललेलं त्यांना सगळं समजायचं. पेपर उघडून बसायचे, बातमी वाचून भुवया चढवायचे. पण सांगायला जायचे तर तोंडातून फक्त 'ता, ता' असं निघायचं. ते चुकीचं आहे हे त्यांना स्वतःलाच ऐकू यायचं आणि मग ते ओठ घट्ट मिटून घ्यायचे. दुसरा महिना संपत आला तसं त्यांनी 'ता' म्हणणंही सोडून दिलं. भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागले.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. चौतीस वर्षं त्यांनी मुलांना गणित शिकवलं, बहुतेक पेठ-सुरगाण्याकडच्या डोंगरातल्या गावांत आणि शेवटची सहा वर्षं त्र्यंबकच्या पलीकडच्या एका वाडीवर. पावसाळा संपला की तिथली माणसं बिऱ्हाड पाठीवर घेऊन द्राक्षबागांच्या कामाला उतरायची आणि पोरंही त्यांच्याबरोबर जायची. परत येतील तेव्हा काही विसरलेली नसावीत म्हणून आप्पा त्यांच्याकडून पाढे इतके घोटून घ्यायचे की झोपेत उठवलं तरी पोरं म्हणतील. त्यांचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचा. छडी त्यांनी कधी हातात घेतली नाही.

सरकारी दवाखान्यात आठवड्यातून दोन दिवस स्पीच थेरपीच्या एक बाई यायच्या. त्या आप्पांसमोर चित्रांची कार्डं ठेवायच्या. कप, गाय, नळ. आप्पा कार्डं पालथी करून ठेवायचे. शेवटी बाईंनी आईला आणि मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, अशा माणसांना स्वतःचं वाक्य जुळवता येत नाही, पण वर्षानुवर्षं पाठ असलेलं काही असेल तर ते कधीकधी आपोआप बाहेर येतं. प्रार्थना, गाणं, आकडे. ते एकदा आलं की माणसाला धीर येतो आणि मग पुढचं शिकवता येतं.

आईने सकाळी त्रिशरण म्हणून पाहिलं. आप्पांनी हात जोडले, पण ओठ हलवले नाहीत. मग मी पाढे सुरू केले. बे एके बे. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं म्हणूच शकले नाही. ज्या माणसाने आयुष्यभर पाढे शिकवले त्याला मी, त्याची मुलगी, बे एके बे शिकवत होते. त्यांनी तोंड फिरवलं आणि त्या दिवशी जेवलेही नाहीत.

मी बाईंना हे सांगितलं. त्यांनी विचारलं, "त्यांचा स्वतःचा आवाज कुठे रेकॉर्ड केलेला आहे का? तुमच्या तोंडून नको. त्यांच्याच तोंडून त्यांना ऐकू द्या."

निघताना त्या एवढंच म्हणाल्या, की पहिले तीन-चार महिने फार मोलाचे असतात. त्यात जेवढं परत येतं तेवढं नंतर येणं कठीण. आमचे अडीच महिने गेले होते.

आप्पांचा आवाज जगात एकाच ठिकाणी होता. दोन वर्षांपूर्वी वाडीवरच्या शाळेत त्यांचा निरोप समारंभ झाला होता. गावाने मांडव घातला होता आणि व्हिडिओवाला बोलावला होता. त्याने त्याची सीडी करून दिली होती. भाषणाच्या शेवटी आप्पांनी सगळ्या मांडवाकडून, अगदी सरपंचांकडूनही, एकोणीसचा पाढा म्हणून घेतला होता. ही सीडी आम्ही शेजाऱ्यांच्या प्लेअरवर एकदा पाहिली होती आणि कपाटात ठेवून दिली होती.

आता ती शोधली तर शालीच्या घडीत सापडली, कव्हराशिवाय. वरच्या बाजूला निळ्या शाईत आप्पांचं नाव, आणि खालच्या चकचकीत बाजूवर चरे. शेजाऱ्यांच्या प्लेअरने ती घेतलीच नाही. आत घातली की जरा वेळ घरघर करायचा आणि बाहेर ढकलायचा.

घरात भावाचा कॉम्प्युटर होता. पुण्याला जाताना तो मागे ठेवून गेला होता. मला तो फक्त चालू आणि बंद करता यायचा. रविवारी सकाळी मी सीडी पदराने चांगली पुसली, गोल गोल, ताट पुसावं तशी, आणि कॉम्प्युटरमध्ये घातली. पडद्यावर इंग्रजीत आलं की सीडी घाला. मी काढली, पुन्हा पुसली, पुन्हा घातली. चौथ्या वेळेला पडद्यावर मांडव दिसला. आप्पा दिसले, पांढरा सदरा, गळ्यात हार. ते बोलत होते. पण आवाज नव्हता.

मी भावाला फोन लावला. फोन बाहेरच्या खोलीत आणि कॉम्प्युटर आतल्या, आणि वायर तेवढी पोचत नव्हती. म्हणून आई फोनवर बसली आणि मी कॉम्प्युटरपुढे. भाऊ आईला सांगायचा, आई मला ओरडून सांगायची.

"तो म्हणतोय, खाली कोपऱ्यात कर्ण्याचं चित्र आहे, त्यावर फुली आहे का बघ."

फुली नव्हती.

"तो म्हणतोय, उजवं बटण दाब."

"माउसचं की स्पीकरचं?"

आईने विचारलं. मग म्हणाली, "तो म्हणतोय, देवा."

असं अर्धा तास चाललं. आईला काहीच कळत नव्हतं, तरी ती एकेक शब्द जपून, जसाच्या तसा पोचवत होती. शेवटी भावाने स्पीकरची पिन मागे कोणत्या भोकात आहे ते बघायला सांगितलं. ती गुलाबी भोकात होती. मीच झाडताना काढून चुकीची लावली असणार. ती हिरव्या भोकात घातली आणि घरात आप्पांचा आवाज आला.

आईने रिसिव्हर कानापासून खाली घेतला. पलीकडून भाऊ हॅलो हॅलो करत होता ते मला आत ऐकू येत होतं. अडीच महिन्यांनी त्या घरात आप्पा बोलत होते.

आम्ही दोघींनी आप्पांना धरून आणलं आणि खुर्चीवर बसवलं. त्यांनी स्वतःला पडद्यावर पाहिलं. आधी त्यांनी मान खाली घातली, मग हळूच वर केली. एक म्हातारे गावकरी माइकवर सांगत होते, "गुरुजी लय शिस्तीचे. पण पोर आजारी पडलं तर पयला गुरुजी यायचा." आप्पांच्या चेहऱ्याची डावी बाजू हसली. मग त्यांचं स्वतःचं भाषण सुरू झालं. मी त्यांच्या ओठांकडेच बघत होते. पाढा जवळ येत होता.

आणि चित्र थांबलं. पडद्यावर आप्पांचं तोंड उघडं राहिलं, हात वर उचललेला राहिला आणि स्पीकरमधून एकच तुटका आवाज येत राहिला, ट-ट-ट-ट. माउस हलेना. मी सगळी बटणं दाबली. आप्पा त्या उघड्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी काठी उचलली आणि टेबलावर आपटली, एकदा, दोनदा. त्यांना रडू फुटलं. त्यांना रडताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. आईने पुढे होऊन कॉम्प्युटरची पिनच ओढून काढली.

त्या दिवसापासून आप्पा कॉम्प्युटरच्या खोलीत यायलाच तयार होईनात.

भाऊ फोनवर म्हणाला, सीडीवरून चालवू नकोस, आतली फाइल आधी कॉम्प्युटरमध्ये उतरवून घे, म्हणजे अडकणार नाही. ती कशी उतरवायची ते त्याने सांगितलं आणि मी पाटीवर उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी दुपारी मी कॉपी लावली. हिरवी पट्टी मुंगीच्या चालीने पुढे सरकत होती. मध्ये चरा आला की ती थांबायची, ड्राइव्ह आतून कण्हायचा, आणि पट्टी पुन्हा सरकायची. दोन तास मी खुर्चीवरून उठले नाही. पट्टी भरायला बोटभर अंतर राहिलं असेल आणि वीज गेली. भारनियमन संध्याकाळी असायचं. त्या दिवशी का कोण जाणे, दुपारी झालं.

वीज आल्यावर पाहिलं तर उतरलेलं सगळं गेलं होतं. पुन्हा लावलं, तर पहिल्या चऱ्यालाच कॉम्प्युटर म्हणाला की वाचता येत नाही.

मग मी जे केलं ते करायला नको होतं. कारखान्यात कुणीतरी सांगितलं होतं की टूथपेस्ट लावून घासलं की चरे जातात. मी सीडीवर पेस्ट लावली आणि बोटाने घासली. चरा जात नाही असं वाटलं म्हणून आणखी जोरात घासली. धुतली, पुसली. ती आता पांढुरकी दिसत होती, दुधी काचेसारखी. कॉम्प्युटरमध्ये घातली. दिवा लुकलुकला आणि विझला. आत सीडी आहे हेही त्याला कळेना.

मी व्हिडिओवाल्याला शोधून काढलं. पंचवटीत त्याचं दुकान होतं. मूळ कॅसेट आहे का, असं विचारलं. तो ओशाळला. म्हणाला, ताई, वर्षभर ठेवतो आम्ही, मग त्याच कॅसेटवर दुसरं लग्न शूट करतो. तो खोटं बोलत नव्हता. सगळे तसंच करायचे.

घरी येऊन आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिने थापणं थांबवलं नाही. फक्त म्हणाली, "म्हणजे आता नाहीच." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिचं बरोबर होतं असं मलाही वाटत होतं. आप्पांचा आवाज आजाराने एकदा गेला होता, आणि जो उरला होता तो मी माझ्या बोटाने घासून पुसला होता. कामावर बोर्डापुढे बसून मी फोन जोडून द्यायचे आणि मध्येच कोणत्या लाइनला कोण हवं होतं तेच विसरायचे. सुपरवायझर बाईंनी दोनदा टोकलं.

त्यांनाच एकदा सगळं सांगून बसले. त्यांनी मुक्तिधामच्या बाजूच्या गल्लीतल्या एका काकांचा पत्ता दिला. पूर्वी ते रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचे, आता कॉम्प्युटर करतात, घाई करत नाहीत, एवढं त्या म्हणाल्या.

शनिवारी अर्धा दिवस सुटी घेऊन गेले. लहानसा गाळा, भिंतीवर उघडे ड्राइव्ह आणि वायरी. काका साठीचे असतील, नाकावर जाड चष्मा. त्यांनी सीडी काठाला धरून उजेडात तिरकी केली आणि विचारलं, "पेस्ट कुणी लावली?"

"मी."

"आणि त्याआधी गोल पुसली."

मी मान हलवली. ते रागावले नाहीत. म्हणाले, सीडीवरचं लिहिलेलं गोल असतं, म्हणून गोल चरा पडला की ओळच्या ओळ जाते. मधून काठाकडे सरळ पुसायचं, म्हणजे चरा ओळीला आडवा जातो आणि मशीन तो ओलांडू शकते. त्यांनी सीडी साबणाच्या कोमट पाण्यात बुडवली, मधल्या भोकाच्या कडेला सुकलेली पेस्ट मऊ कापडाने काढली आणि सीडी उभी वाळत ठेवली. वाळेपर्यंत त्यांनी विचारलं, यात काय आहे. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

पहिल्या ड्राइव्हने ती घेतली नाही. दुसऱ्यानेही नाही. मी खुर्चीच्या कडेवर बसून होते. मला वाटलं आता ते सीडी माझ्या हातात परत देतील आणि मला काहीतरी समजुतीचं बोलतील. ते माळ्यावर चढले आणि एक पिवळट पडलेला जुना ड्राइव्ह घेऊन उतरले.

"नवे ड्राइव्ह फार घाई करतात," ते म्हणाले. "हा सावकाश वाचतो. आणि ताई, सगळं नाही येणार. जेवढं येईल तेवढं घेऊ."

त्यांनी एक प्रोग्राम लावला. खराब जागा आली की तो हटून बसत नाही, ती जागा कोरी सोडून पुढे जातो, असं त्यांनी समजावलं. पडद्यावर आकडे सरकू लागले. तीन वाजता सुरू केलं होतं. मध्ये गिऱ्हाइकं आली, त्यांना काकांनी सोमवारी यायला सांगितलं. त्यांच्या घरातून दोनदा चहा आला. सात वाजत आले तेव्हा ते थांबलं. फाइलच्या नावाचं शेपूट त्यांनी बदललं, म्हणजे कोणताही प्लेअर ती उघडेल म्हणाले, आणि लावून पाहिली. चित्र जागोजागी चौकोनांत फुटत होतं. पण आप्पांचा आवाज होता. काकांनी दोन नव्या सीडी करून दिल्या, प्रत्येकीला कव्हर घालून.

रविवारी सकाळी मी आप्पांना खोलीत बोलावलं नाही. आले नसते. स्पीकरची वायर दारातून ओढता येईल तेवढी ओढून त्यांच्या खाटेजवळ आणली आणि आत जाऊन फक्त भाषणाचा शेवट लावला. चित्र त्यांना दिसणार नव्हतं. मी दाराच्या चौकटीत उभी राहिले. आई त्यांच्या पायथ्याशी बसली.

आप्पा भिंतीकडे तोंड करून होते. आवाज सुरू झाल्यावर त्यांची पाठ ताठ झाली. 'आता सगळ्यांनी माझ्याबरोबर,' असं स्पीकरमधले आप्पा म्हणाले. मांडवात हशा झाला. 'एकोणीस एके एकोणीस.' मांडव म्हणाला. 'एकोणीस दुणे अडतीस.' 'एकोणीस त्रिक सत्तावन्न.' 'एकोणीस चोक...'

तिथे कोरी जागा होती. आवाज तुटला. मला माहीत होतं की कुठेतरी तुटणार, पण नेमका तिथे तुटेल असं वाटलं नव्हतं. मी आत धावणार तेवढ्यात खाटेवरून आवाज आला. घोगरा, जड, पण स्वच्छ.

"शहात्तर."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी हलले नाही. स्पीकर गप्पच होता. आप्पा भिंतीकडेच तोंड करून पुढे म्हणाले, "एकोणीस पंचे पंच्याण्णव." आणि तसंच पुढे, न अडखळता, थेट दाहेपर्यंत. मग ते वळले. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. आपण हे केलं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता.

मी त्यांच्याजवळ गेले. मी तेव्हा थांबायला हवं होतं, पण मी विचारलं, "आप्पा, माझं नाव काय?"

त्यांनी तोंड उघडलं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "एकोणीस."

स्पीचच्या बाईंना सगळं कळवलं तेव्हा त्या खूश झाल्या, पण त्यांनी सावधही केलं. हे पाठ असलेलं आपोआप बाहेर आलं, याला बोलणं समजू नका. पुढचे चार महिने त्यांचं म्हणणं रोज खरं ठरत होतं. आप्पा एकोणीसचा, सतराचा, एकोणतीसचाही पाढा म्हणायचे आणि त्यांना पाणी मागता येत नव्हतं. तहान लागली की ते पाढा सुरू करायचे आणि आई तांब्या, औषध, चादर, एकेक वस्तू पुढे करत राहायची, त्यांनी मान हलवेपर्यंत. एकदा ते मोरीत घसरून पडले आणि मदतीसाठी हाक म्हणून अठराचा पाढा म्हणत राहिले. आम्हाला वाटलं, आज सकाळी मूड चांगला आहे. दहा मिनिटांनी आई सहज आत गेली तेव्हा कळलं. मी त्या दिवशी कामावर बोर्डापुढे बसून रडले.

पण ते कार्डं पालथी करेनासे झाले. रोज सकाळी बाईंनी दिलेला अभ्यास करायला बसायचे, पाटी घेऊन, पूर्वी पोरं बसायची तसे. पाढ्यातून आकडे सुटे झाले, आकड्यांतून घड्याळाची वेळ आली. इतर शब्द येत नव्हते.

उन्हाळ्यात एका दुपारी आम्ही तिघं जेवत होतो. रक्तदाबामुळे त्यांचा स्वयंपाक आई वेगळा करायची. त्यांनी वरणाचा घास घेतला, तोंड वाकडं केलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "मीठ."

कुणी विचारलं नव्हतं. कुणी आधी म्हटलं नव्हतं. पाठ असलेलंही नव्हतं. आई उठली, डब्यातून चिमूटभर मीठ घेतलं आणि डॉक्टरांना न विचारता त्यांच्या ताटात टाकलं.

त्यानंतर आप्पा तीन वर्षं होते. त्या काळात साठ-सत्तर शब्द परत आले, काही वाक्यं आली. आईला ते 'ए' म्हणून हाक मारायचे. भावाचं नाव एकदा आलं, दिवाळीत, तो दारात बॅग ठेवत असताना. माझं नाव शेवटपर्यंत आलं नाही. मी कामावरून आले की ते घड्याळाकडे बघून किती वाजले ते सांगायचे. साडेसहा. पावणेसात. उशीर झाला असेल तर आवाजात जरा धार यायची.